ओझं उतरलेली कमान

नागसेन आणि मिलिंद राजाचा रथाचा संवाद मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला, आणि दर वेळी मला एकच गोष्ट खटकली. तिथे सुतार नव्हता. एक भिक्षू, एक यवन राजा, भोवती ऐकणारी मंडळी. राजा रथात बसून आलेला. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? राजा एकेकाला नाही म्हणत जातो, आणि अखेर कबूल करतो की रथ हे केवळ व्यवहारापुरतं नाव आहे. माणसाचंही तसंच. सुटे भाग आहेत, त्यांच्या आत बसलेला मालक कोणी नाही.

सुतार असता तर त्याने एवढ्यावर सोडलं नसतं. तो म्हणाला असता, महाराज, नावाचं काय ते तुम्ही बघा, पण ही आस दुसऱ्या रथाची आहे आणि तिची खोड अजून गेलेली नाही.

हे सुचायला मला जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी यावं लागलं. माझी मुलगी इथे राहते. हे गाव जगाला ठाऊक आहे ते एप्रिलमधल्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेमुळे. पण ई-झी-गो आणि क्लब कार या गोल्फ कार्ट बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्याही इथल्याच. ई-झी-गो तर 1954 पासूनची. गोल्फमधलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पण माझ्या नातवाने एक जुनी कार्ट मोडीत मिळवली आणि तिच्या मागच्या कमानी, शॅकल, पुढचे स्पिंडल आणि हब काढून पाइपच्या चौकटीला जोडायला घेतले. लाल मातीच्या चढउतारावर पळवायची बग्गी. मुलगी वैतागली. मी मात्र खुर्ची घेऊन गॅरेजच्या दारात बसले, कारण कमान-पाटे म्हणजे माझं माहेर. वडिलांचं सांगलीला त्याचंच दुकान होतं.

पहिली अडचण चाकांची. कार्टच्या हबला चार इंची वर्तुळावर चार नट असतात. एटीव्हीची बरीचशी चाकं 110 मिलिमीटरच्या वर्तुळावरची. दिसायला सारखीच, पण भोकं जेमतेम चार मिलिमीटरने हुकतात. अ‍ॅडॉप्टर आणून हे भागलं, त्यात तत्त्वज्ञान नाही. कमानींनी मात्र छळलं. बग्गी जरा खड्ड्यातून गेली की मागून अशी उडायची की पोरगा सीटवरून वर जायचा.

"आजी, कमानी तर एकदम चांगल्या आहेत. क्रॅक नाही, गंज नाही. मग असं का होतं?"

"अरे, चांगल्या आहेत म्हणूनच. त्यांच्यावर आधी काय होतं ते सांग."

आधी बॅटऱ्या होत्या. 36 व्होल्टच्या कार्टमध्ये सीटखाली सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात, शिशाच्या, एकेक साधारण 28 किलोची. म्हणजे जवळजवळ 170 किलो, शिवाय माणसं आणि पिशव्या. त्या हिशेबाने कमानीत पाटे घातलेले. आता त्या जागी वीसेक किलोचं एकसिलिंडर इंजिन. कमान आपलं काम पूर्वीच्याच निष्ठेने करते आहे. जे पेलण्यासाठी ती केली ते ओझं तेवढं उरलेलं नाही.

रथाचा संवाद ज्यात आहे त्या मिलिंदपञ्हात पुढे पुनर्जन्माची गोष्ट निघते. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तसं पलीकडे काही जात नाही तरी जन्म होतो, असं नागसेन समजावतो. दृष्टांत देखणा आहे. पण ज्योत ही फार सोयीची वस्तू निवडली त्याने. ज्योतीला खोड नसते. तेल ज्या दिव्याचं त्याचीच ती होऊन जाते. कमान तशी नाही. जुन्या देहातून नव्यात ती येते तेव्हा आत्मा आणत नाही हे मी मान्य करते. पण रिकाम्या हातानेही येत नाही.

मग ती काय आणते? याचं उत्तर मला बौद्धांकडे मिळालं नाही, वैशेषिकांकडे मिळालं. कॉलेजात आम्हाला त्यांच्या परंपरेतला अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह होता, आठल्ये-बोडसांची मुंबई संस्कृत मालेतली 1897 ची प्रत. चोवीस गुणांच्या शेवटी संस्कार येतो आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेगामुळे. पाहिलेलं पुढे आठवतं ते भावनेमुळे. आणि वाकवलेली वस्तू सोडली की पहिल्या जागी येते ती स्थितिस्थापकामुळे. अन्नंभट्ट चटईचं उदाहरण देतो, त्याच्या हजारेक वर्षं आधी प्रशस्तपादाने धनुष्य, फांदी, शिंग अशी यादी दिली होती. परीक्षेसाठी हे तिन्ही प्रकार सगळे पाठ करतात. माणसाची आठवण आणि धनुष्याचा ताठा एकाच खणात का ठेवले, हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

भावना फक्त आत्म्यात राहते, असं शास्त्र बजावतं. मला हे बजावणं थोडं घाईचं वाटतं. ज्या जातीचा गुण जाणीव नसलेल्या शिंगात आणि फांदीत राहू शकतो, त्या जातीच्या आठवणीला जाणता मालक कशाला हवा? वर्गीकरण करताना या मंडळींनी स्वतःच्या आत्मवादाला एक फट ठेवून दिली. नागसेन तिथून सहज आत शिरला असता. पण मग दिव्याचा दृष्टांत त्यालाही सोडावा लागला असता. देहामागून देहात जाते ती खोड, आणि ती मालकाशिवायही जाऊ शकते. एवढं मानलं तर दोन्ही पक्षांची थोडी थोडी अडचण होते, म्हणून ते मला खरं वाटतं.

संस्कार मरतो कसा, याबद्दल प्रशस्तपाद भावनेपुरता मोकळेपणाने बोलतो: विरुद्ध ज्ञान, मद, दुःख वगैरेंनी ती जाते. स्थितिस्थापकाबद्दल मात्र गुरुत्वासारखं समजा, एवढं सांगून तो पुढे निघतो. इथे माझे वडील जास्त जाणत होते. उसाचा हंगाम संपला की कमानी 'बसलेले' ट्रक दुकानापुढे रांगेने लागायचे. क्षमतेबाहेर भरलेल्या ट्रकच्या पाट्याची गोलाई जाते, आणि गेली ती आपोआप परत येत नाही. पण गंमत पुढे आहे. बसलेल्या पाट्याची स्प्रिंग मरत नाही. दाबून सोडला की तो परत येतोच, फक्त आता त्या सपाट आकाराकडे येतो. घर बदललं, घरी परतण्याचा हट्ट तोच. आपण वाकलो आहोत हे त्याला कळायला मार्गच नाही. वडील तो भट्टीत लाल करायचे, घणाने गोलाई द्यायचे, तेलात विझवायचे आणि पुन्हा हलका ताव द्यायचे, कारण नुसतं विझवलेलं पोलाद ठिसूळ होतं. त्या शेवटच्या तावाला घाई केली तर पाटा पहिल्या खेपेलाच तडकतो, असं ते प्रत्येक नव्या पोऱ्याला ऐकवायचे. ज्ञान, मद, दुःख या यादीत अग्नी असायला हवा होता, असं मला तेव्हापासून वाटतं.

नातवाच्या कमानी मात्र बसलेल्या नव्हत्या, त्यामुळे भट्टीचा प्रश्न नव्हता. त्याने सर्वांत सोपा उपाय काढला: मागे वाळूची पोती टाकली. बग्गी लगेच शहाण्यासारखी चालू लागली! मला ते बघवेना. ताठा सुटत नाही म्हणून ओझं आणून ठेवायचं, हा प्रकार मी माणसांत पुष्कळ पाहिला आहे. रिटायर झालेला हेडमास्तर सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उभा राहतो, ते हेच. त्यातून इंजिन एवढंसं, त्याने ती पोती चढावर ओढायची कशाला?

शेवटी मधला बोल्ट काढून दोन्ही कमानींतला एकेक पाटा कमी केला. नवे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर लावले, कारण नरम कमान एकदा हलली की झुलत राहते; वैशेषिक म्हणतात स्पर्श असलेल्या द्रव्याशी संयोग झाला की वेग नष्ट होतो, ते काम आतलं तेल करतं. आता पाटा कमी झाल्यामुळे यू-बोल्टचे आटे उरलेत. ते कापून टाकावेत असं जावयांचं म्हणणं आहे. मी म्हणते खाली जाड पट्टी घालावी आणि काढलेले पाटे जपून ठेवावेत; पोरगा उद्या मागे दोन मित्र बसवणार आहे.