देणारे हात



जन्मांध माणसाला पाहून शिष्यांना प्रश्न पडला, हे कोणाच्या पापाचे फळ? प्रभू येशूने त्या माणसालाही दोष दिला नाही आणि त्याच्या आईबापांनाही नाही. देवाचे कार्य त्याच्या ठायी प्रकट होणार होते (योहान ९:१-३).

ब्राझीलमध्ये आन्तोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ नावाचा शिल्पकार होऊन गेला. त्याची आई आफ्रिकन गुलाम होती. १७७७ च्या सुमारास त्याला दुर्धर रोगाने गाठले. हातपाय विद्रूप झाले. लोक त्याला 'आलेजादिन्यो' म्हणजे 'छोटा पांगळा' म्हणू लागले. हाताला छिन्नी-हातोडा बांधून तो काम करी, असे सांगतात. कोंगोन्यास येथील तीर्थमंदिरासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १७९६ ते १७९९ या काळात प्रभूच्या दुःखसहनाच्या ६६ लाकडी मूर्ती घडवल्या. पुढे १८०५ पर्यंत १२ संदेष्ट्यांचे दगडी पुतळे उभे राहिले. लोकांनी त्याला नाव दिले पांगळेपणाचे. त्याने लोकांना दर्शन दिले क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचे.

आपण अपंग बंधू-भगिनींना मदत करतो, हे चांगलेच आहे. पण त्यांच्याकडून काही घेतो का? गायनमंडळात, शास्त्रवाचनाला, नाताळच्या गोठ्याच्या सजावटीला त्यांना बोलावतो का? की पाहुणे आले म्हणजे आपल्याच लेकराला आतल्या खोलीत बसवतो?

दया दाखवणे सोपे असते. त्यांचे दान आदराने स्वीकारणे, हे खरे ख्रिस्ती प्रेम. हे प्रभो, ते दान ओळखणारी दृष्टी आम्हांला दे. आमेन.