फवारणी करणाऱ्याचे रक्त

हवेत, पाण्यात किंवा अन्नात एखादे रसायन किती आहे हे मोजले, तरी त्यातले माणसाच्या अंगात किती उतरले ते कळत नाही. त्यासाठी रक्त, लघवी, केस किंवा आईचे दूध तपासावे लागते. कुठे शोधायचे, हे रसायन कुठे आणि किती काळ मुक्काम करते यावर ठरते. शिसे रक्तात महिनाभर राहते, हाडांत कित्येक वर्षे. माशांतून येणारा पारा केसांत साठतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सुरमई, मोरी नेहमी खाणाऱ्याच्या केसात महिन्यामहिन्याचा हिशेब सापडतो.

देवगड-मालवणच्या आंबा बागांत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पालवी फुटल्यापासून तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात, त्या मोहर ओसरून फळ धरेपर्यंत चालतात. कलम उंच, नळी वर रोखलेली; तुषार खाली येतात ते फवारणाऱ्याच्याच डोक्या-खांद्यांवर. दमट उकाड्यात रबरी हातमोजे आणि मास्क दिवसभर अंगावर ठेवणे अवघड, आणि भिजलेल्या सदऱ्यातून औषध कातडीत मुरत राहते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुचवलेल्या औषधांत डायमेथोएट असायचे. हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले. मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक असलेले कोलिनेस्टरेज हे विकर ते निकामी करते. औषधाचे अवशेष काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात, पण तांबड्या पेशींतले विकर भरून यायला महिने लागतात. निरोगी माणसांतही त्याची पातळी वेगवेगळी असते, त्यामुळे हंगामाआधीचा त्याच माणसाचा आकडा हाताशी नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. कॅलिफोर्नियात पातळी मूळच्या ७० टक्क्यांवर घसरली की कामगाराला या औषधांपासून दूर ठेवतात. ८० टक्क्यांपर्यंत सावरल्यावरच परत घेतात.

यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा रक्तातल्या या विकराची चाचणी जवळपास होत नसल्याचे उघड झाले. युरोपला जाणाऱ्या हापूसचे नमुने अवशेषांसाठी तपासले जातात. फवारणाऱ्या गड्याच्या रक्ताला तशी नेमाची तपासणी नाही, ही उणीव गंभीर आहे. त्यांतले बरेच गडी नेपाळहून येतात आणि हंगाम संपला की गावी परततात, त्यामुळे उशिरा दिसणारा त्रास इथल्या कुठल्याच नोंदीत येत नाही. दिवाळीनंतर, पहिल्या फवारणीआधी, ग्रामीण रुग्णालयात एक नमुना आणि मोहर संपताना दुसरा, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मात्र डेल्टामेथ्रीनसारखी, या गटाबाहेरची औषधे या चाचणीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी फवारणीनंतर एक-दोन दिवसांत लघवी तपासावी लागते.