सागवानाचे सोंग

नाशिकच्या सराफ बाजारालगतचा पेशवेकालीन सरकारवाडा पाहताना ध्यानात येते ते हे की, ज्या काळी दिवाणखान्यात बिछायत, लोड, तक्के आणि तुळईला टांगलेला झोपाळा यांखेरीज मांडण्याजोगा सरंजाम फारसा नसे, त्या काळी गृहस्थाची रसिकता खांबांच्या कोरीव कामात उतरत असे. कोनाडे आणि फडताळे भिंतीच्याच उदरात असल्यामुळे वास्तू आणि सामान यांच्यात वहिवाटीचा तंटाच उद्भवत नसे.

आज नाशिकच्याच गंगापूर रस्त्यावरील सदनिकेत सुतार प्लायवूडच्या कपाटावर सनमायका चिकटवतो, तोही बहुधा सागवानाच्या रेषा छापलेला. काम सफाईचे असते. परंतु एका दारावर दिसलेली लाकडाची गाठ शेजारच्या दारावर, त्याच उंचीवर, जशीच्या तशी पुन्हा उमटलेली दिसली की सोंग उघडे पडते.

नेमक्या याच द्रव्याला इटालियन रचनाकार एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी सोंगातून मुक्त केले. 1980 च्या डिसेंबरात मिलान येथे स्थापन झालेल्या आणि पुढल्याच सप्टेंबरात पहिले प्रदर्शन भरविणाऱ्या या ‘मेम्फिस’ मंडळींनी, कॉफीगृहांच्या टेबलांवर शोभणारा हलक्या प्रतीचा लॅमिनेट, म्हणजे आपला सनमायकाच, मुद्दाम निवडला आणि त्यावर कोणत्याही लाकडाची नक्कल नसलेले भडक रंग व ठिपके योजिले. सोत्सास 1961 मध्ये भारतात येऊन गेले होते. त्यांच्या रंगांत आमच्या देवळांचे रंग शोधण्याचा मोह मात्र मी आवरतो. त्यांचे ‘कार्लटन’ नावाचे कपाट हात पसरून उभ्या राहिलेल्या एखाद्या दैवताप्रमाणे खोली अडवून उभे राहते, आणि त्याच्या तिरप्या फळ्यांना टेकलेली पुस्तके बिचारी कलंडूनच राहतात. उपयुक्ततेच्या फर्मानाविरुद्धचे हे बंड मला प्रिय आहे. तथापि, फॅशन रचनाकार कार्ल लागरफेल्ड यांच्यासारख्या धनिकाने माँटे कार्लोतील आपले घर याच वस्तूंनी सजविले, तेव्हा उपाहारगृहातील त्या द्रव्यालाही खानदानाची सनद मिळाली, हे नाकारता येत नाही.

आमच्याकडे मात्र ‘इटालियन’ म्हणून खपतो तो सोनेरी पायांचा, फुगीर पाठीचा सोफा, म्हणजे त्या बंडखोरांनी ज्या प्रतिष्ठेची थट्टा केली तीच. लाल-पिवळा सनमायका नाशिकच्या दुकानांतही मिळतो. नमुन्यांच्या जुडग्यात तो अगदी तळाशी असतो, आणि गिऱ्हाईक तो पसंत करतेच तर मुलांच्या खोलीपुरता.