ओंडक्यावरचा ठसा आणि पाटीवरचा ‘ल’

जे पाहिले किंवा ऐकले की त्यावरून दुसरेच काही कळते, ती खूण. ढग दिसला की पाऊस, भोंगा वाजला की पाळी संपली, ‘आंबा’ म्हटले की ते फळ. खुणा कशा घडतात, त्यांना अर्थ कुठून येतो आणि तो कधी बिघडतो, याचा अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा. भाषा हा तिचा सर्वांत मोठा प्रांत असला तरी ती भाषेपाशी थांबत नाही.

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भनपुरी आहे. कारखाने, मालाचे ट्रक आणि लाकडाच्या वखारी ही तिची ओळख. वखारीतल्या सागाच्या ओंडक्याचे कापलेले तोंड पाहिले, तर वीतभर जागेत तीन तऱ्हेच्या खुणा सापडतात. पहिली खूण वलयांची. पावसाळ्याच्या सुरुवातीला साग मोठ्या छिद्रांचे लाकूड घालतो, पुढे दाट. त्यामुळे दर वर्षाचे एक कडे उमटते. दुसरी खूण वनखात्याच्या हातोड्याची. हातोड्याच्या तोंडावर उलटी कोरलेली अक्षरे एका घावात लाकडावर सुलटी उठतात. तिसरी रंगाने लिहिलेल्या आकड्यांची: लांबी, घेरा, क्रमांक.

चार्ल्स सँडर्स पर्स (1839–1914) या अमेरिकन तत्त्वज्ञाने खुणांची जी वर्गवारी केली, तिच्यात वलये निर्देशक खुणांत बसतात. ती कोणी कोणासाठी काढलेली नाहीत. कारण आणि कार्य यांच्या धाग्याने ती पावसाशी बांधलेली आहेत. न्यायदर्शनाच्या पंडितांचा, म्हणजे नैयायिकांचा, आग सुचवणारा डोंगरावरचा धूर याच जातीचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाची वलये वाचून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला गेला आहे, तो याच धाग्याच्या भरवशावर. शेजारच्या ‘साल’ वृक्षाची, छत्तीसगडीतल्या सरईची, वलये इतकी स्पष्ट नसतात. सालाच्या ओंडक्यावरून झाडाचे साल सांगणे अवघड, असे मराठीत म्हणता येते.

हातोड्याचा ठसा पर्सच्या भाषेत प्रतीक. त्या अक्षरांत आणि लाकडाच्या मालकीत निसर्गतः काही नाते नाही. नियमाने ते लावले गेले. आरागिरणीच्या पाटीवर दातेरी चक्राचे चित्र असेल, तर ते तिसऱ्या वर्गात, साम्यावर चालणाऱ्या प्रतिमांत जाते. प्रत्यक्षात वर्ग एकमेकांत मिसळतात. बंद पडलेल्या ट्रकमागे ड्रायव्हर झाडाची फांदी आणि ओळीने दगड ठेवतो. वाऱ्याने पडलेली फांदी ही वाऱ्याची खूण. तीच दगडांच्या ओळीशेजारी आली की ‘पुढे गाडी उभी आहे’ असा निरोप होतो. तो कुठल्या शाळेत शिकवला जात नाही, आणि रात्री मागून येणारा चुकतही नाही.

निर्देशक आणि प्रतीक यांतला खरा फरक खोटेपणाच्या वेळी कळतो. उंबेर्तो एको या इटालियन अभ्यासकाने 1975 साली मांडले की, ज्या कशाने खोटे बोलता येते त्या सर्वांचा अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा. विधान चमत्कारिक वाटते, पण वखारीत ते सरळ लागू पडते. वलये खोटी काढता येत नाहीत. ठसा मात्र कोणालाही करून घेता येतो, म्हणूनच 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 63 मध्ये लाकडावरचे चिन्ह बनावट करणे किंवा पुसणे हा गुन्हा ठरवून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली गेली. धुराला कायदा लागत नाही. कराराने चालणाऱ्या खुणेला पहारा लागतो.

शब्द ही अशीच कराराची खूण आहे का, यावर भारतात फार जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचे नाते उपजत, कोणी न जोडलेले. नैयायिकांच्या मते ते संकेताने ठरलेले. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (1857–1913) नैयायिकांच्या बाजूचा म्हणावा लागेल. तो संस्कृतचाच पंडित होता. त्याचा प्रबंध संस्कृतमधल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर होता. जिनेव्हातली त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून 1916 साली पुस्तकरूपाने आली. पण संकेताच्या पुढे जाऊन तो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तीच मोठी आहे: शब्दाची किंमत त्याच्या शेजारच्या शब्दांनी ठरते. बुद्धिबळातल्या घोड्याची किंमत लाकडात नसते, पटावरच्या बाकीच्या मोहऱ्यांच्या हिशेबात असते.

हे पुस्तकात वाचून पटते. रायपुरात कानांनी ऐकू येते. शहरात हिंदी, छत्तीसगडी आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जातात. डोक्यावर तापते त्याला छत्तीसगडी ‘घाम’ म्हणते. मराठीत घाम अंगाला येतो आणि डोक्यावर असते ते ‘ऊन’. हिंदीत ‘ऊन’ विणतात, आणि डोक्यावर असते ती ‘धूप’. मराठीत धूप देवापुढे जाळतात. तिन्ही भाषांनी जणू एकाच पोत्यातून धान्य घेऊन वेगवेगळ्या मापांत भरले आहे. संस्कृत ‘घर्म’ म्हणजे उष्णता. मराठीत उन्हाची जागा ‘उष्ण’पासून आलेल्या ‘ऊन’ने घेतली, तेव्हा ‘घाम’ अंगावर उतरला. छत्तीसगडीत ती जागा रिकामी होती, तिथे घाम आभाळातच राहिला.

‘शिक्षा’चेही तेच. नव्याने आलेल्या मराठी माणसाला ‘शिक्षा विभाग’ ही सरकारी पाटी दचकवते, आणि ‘यातायात पुलिस’ वाचून तो मनात हसतो, कारण त्याच्या घरी यातायात म्हणजे जिवाची दगदग. यांतल्या प्रत्येक शब्दाचे मूळ दोन्ही भाषांत एकच. मराठीत शिकण्याचे काम ‘शिक्षण’ने उचलले म्हणून ‘शिक्षा’ छडीपुरती उरली. हिंदीत छडीसाठी ‘सज़ा’ आणि ‘दंड’ होतेच, तेव्हा ‘शिक्षा’ला शाळेत राहता आले.

लिपी एकच असूनही अक्षरांचा हिशेब वेगळा निघतो. मराठीचा ‘ळ’ हिंदीच्या वर्णमालेत नाही, म्हणून टिळक तिकडे ‘तिलक’ होतात. उलट मराठीत ‘जरा’ लिहिले तर ते ‘थोडे’ आहे की ‘म्हातारपण’, हे उच्चारावरून कळते, लिखाणावरून नाही. हिंदी एका नुक्त्याने ‘ज़रा’ वेगळा काढते. एवढा ठिपका, पण फरक पाडतो म्हणून तो खूण आहे. याच्या नेमके उलटे उदाहरण ‘ल’चे. महाराष्ट्र शासनाने 2009च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. हिंदीचा दंडाचा ‘ल’ वाचताना कोणाचाही अर्थ बदलत नाही. सोस्यूरच्या हिशेबात ही दोन वळणे म्हणजे एकच अक्षर. तरीही छत्तीसगडातल्या दुकानाच्या पाटीवर पाकळीचा ‘ल’ दिसला, तर पाटी रंगवणारा किंवा रंगवून घेणारा कुठल्या अंगणात अक्षर शिकला, याचा अंदाज बांधता येतो. शब्दात जो काही सांगत नाही, तो ‘ल’ माणसाबद्दल सांगून जातो. पर्सकडे गेले की तो निर्देशक ठरतो. एकाच खुणेला दोन पंडितांकडून दोन निकाल मिळतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

मराठी छत्तीसगडात आली नागपूरच्या भोसल्यांबरोबर. 1741 साली त्यांचे सेनानी भास्करपंत यांची फौज इथे शिरली. 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला. मराठी आणि मोडी त्या दरबारात चालत. इथल्या इतिहासाच्या पुस्तकांत बिंबाजींच्या नावावर आणखी एक गोष्ट नोंदलेली असते: विजयादशमीला सोने वाटण्याची चाल. आपट्याचे पान ही पक्क्या कराराची खूण आहे. कौत्साची गुरुदक्षिणा, रघुराजा आणि कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस ही तिची कथा. पण पान घेणाऱ्याला कथा आठवावी लागत नाही. देताना ‘सोनं घ्या’ म्हटले की पान सोने होते, मोठ्यांच्या पाया पडणे होते, वर्षभराचा अबोला मिटतो. रात्री तेच पान कोनाड्यात सुकते, दुसऱ्या दिवशी केरात जाते. करार एका दिवसाचा. शिवाय तो झाडालाही नीट बांधलेला नाही. आपट्याऐवजी कांचनाचे पान आले तरी बहुतेक घरांत चालून जाते, कारण दुभंगलेला आकार जुळला की पुरे.

भाषेबाहेरच्या अशा व्यवहारांना आणि भाषेला एकाच नजरेने पाहण्याचे काम मराठीत अशोक केळकर (1929–2014) यांनी केले. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. चिन्हमीमांसा आणि संस्कृती यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1980 साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढले. त्यांच्या ‘रुजुवात’ या मराठी पुस्तकाला 2010चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. केळकरांचे गद्य अवघड आहे, ही तक्रार खरी आहे. पण मराठी शब्दांतच ही मीमांसा उभी करण्याची त्यांची जिद्दही तितकीच खरी.

करार पक्का असला तरी अर्थ तिथे संपत नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्याची चर्चा केली आहे: ऐकणारा बदलतो तसा अर्थ बदलतो. हे वाक्य भनपुरीत उच्चारले, तर आरा चालवणाऱ्याला हात धुवावेसे वाटतील, ट्रकवाला किल्ली शोधेल आणि चहावाला दिवा लावील. वाच्यार्थ तिघांना एकच. उरलेला अर्थ व्यंजनेचा. तो शब्दकोशात सापडत नाही, प्रसंगातून येतो. कॉम्प्युटरला भाषांतर शिकवणाऱ्यांची आजची बरीच दमछाक याच ठिकाणी होते.

विशेषनाम या सगळ्यांत सर्वांत बिनधोक वाटते: एक नाव, एक जागा. पण भनपुरीही दोन आहेत. दुसरी बस्तर जिल्ह्यात, रायपूर–जगदलपूर रस्त्यावर. तिथली बाजारभाषा हलबी, जिला ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीच्या खंडात घातले आणि नंतरच्या अभ्यासकांनी तिथून बाहेर काढण्याबद्दल वाद घातला. दोन्ही नावांची अक्षरे तीच, काना-मात्रा त्याच, ऐकायलाही फरक नाही. म्हणून लाकडाच्या वाहतूक परवान्यावर नुसते ‘भनपुरी’ लिहून भागत नाही. पुढे जिल्हा लिहावा लागतो.