बाळाला आईपासून कुणी तोडलं?

मेळघाटातल्या बालमृत्यूंचा विषय निघाला की शहरातला माणूस पहिलं बोट कोरकू आईच्या समजुतींकडे दाखवतो. चीक पिळून टाकतात, बाळाच्या तोंडात आधी गुळाचं पाणी घालतात, दूध आटलं की नजर लागली म्हणून भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जातात. काही घरांत हे घडतं, त्यानं बाळाचं नुकसान होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच घरांत बाळ रात्रंदिवस आईच्या अंगाशी असतं, दोन वर्षांचं झालं तरी अंगावर पितं. ही ताकद मात्र आपण कुठल्या तक्त्यात नोंदवत नाही.

२०२० साली करोना आला, तेव्हा बाळाला आईपासून वेगळं करण्याचा सल्ला कुठल्या पाड्यावरून आला नव्हता. चीनमधल्या तज्ज्ञांनी बाधित आईचं बाळ १४ दिवस दूर ठेवायला सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं एप्रिलमध्ये तशीच शिफारस केली आणि जुलैमध्ये बदलली. जागतिक आरोग्य संघटना मात्र पहिल्यापासून सांगत होती, मास्क लावा, हात धुवा आणि बाळाला पाजा. पुढे आईच्या दुधात करोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. मार्च २०२१मध्ये याच संघटनेनं हिशेब मांडला: कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची पद्धत सगळीकडे पोचली तर सव्वा लाखांहून अधिक जीव वाचतील, उलट करोनानं दगावण्याची भीती होती ती दोन हजारांहून कमी बाळांना. चीक टाकायला लावणाऱ्या सासूला आणि बाळ दुसऱ्या खोलीत हलवणाऱ्या डॉक्टरला, दोघांनाही बाळ जगवायचंच होतं. मग तिला अडाणी आणि त्याला दक्ष म्हणणं मला मान्य नाही.

दवाखाना गाठला की दूध वेळेवर मिळतं, असंही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं होती ४१.८ टक्के. हा दोष एकट्या आदिवासी आजीच्या माथी कसा मारणार?

दूध वेळेवर मिळायचं तर बाळंतिणीजवळ कुणाला तरी बसावं लागतं. बाळाचं तोंड छातीला नीट लागलंय का ते पाहावं लागतं. सासूला विचारावं लागतं, गाईचा चीक आपण आधी वासराला पिऊ देतो ना, मग नातवाचा का टाकायचा? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे देशभर आशाताईंना घरभेटी नेमून दिल्या, त्या याच अनुभवावर.

महामारीत बाळंतिणीजवळ बसणारं हेच माणूस ओढून नेलं गेलं. आशाताईंच्या गळ्यात घरोघरचं करोना सर्वेक्षण पडलं. पुरेशा मोबदल्यासाठी त्यांना जून २०२१मध्ये संप करावा लागला. अंगणवाड्या बंद झाल्या. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठीच्या अमृत आहार योजनेतलं गरम जेवण थांबून कोरडा शिधा घरी आला. शिधा घरात आला की तो सगळ्यांचा होतो, आणि शेवटी जेवते ती बाळंतीण. अंगणवाडीतलं ताट निदान तिच्या एकटीचं होतं.

लशीच्या बाबतीतही दोष बाईच्याच माथी आला. जानेवारी २०२१मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्यातून वगळलं होतं; १९ मे रोजी सरकारनं त्यांना परवानगी दिली. चार महिने ‘घेऊ नका’ ऐकलेल्या बाईला पाचव्या महिन्यात ‘घ्या’ म्हणायचं, आणि ती बिचकली की तिला अंधश्रद्ध ठरवायचं!

पुढची साथ केव्हातरी येईलच. तिच्या आराखड्यात दोन गोष्टी आजच लिहून ठेवायला हव्यात. बाळंतिणीच्या घरभेटी करणाऱ्या आशाताईला सर्वेक्षणाला जुंपायचं नाही, त्यासाठी वेगळी माणसं पगार देऊन नेमायची. आणि अंगणवाडीला कुलूप लागलं तरी स्तनदा मातेचं गरम ताट तिच्या दारापर्यंत पोचवायचं, तिच्या पाड्यावरच्याच बाईच्या हातून, तिच्याच बोलीत दोन शब्द बोलून.