गाडीचे तारे कोणासाठी?



मिस्सानंतर नवी गाडी आशीर्वादित करून घ्यायला येणारे हल्ली गाडीला किती तारे आहेत, हे आवर्जून सांगतात. चांगले आहे. जीव ही देवाची देणगी; ती जपणे हा विवेकच.

विजेवर चालणारी महिंद्राची ‘एक्सईव्ही ९ई’ घ्या. २०२५ साली जाहीर झालेल्या ‘भारत एनकॅप’च्या निकालात तिला पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३२ गुण, मुलांसाठी ४९ पैकी ४५. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून अडथळ्यावर आदळवून ही परीक्षा घेतात.

पण हे गुण आत बसलेल्यांचे. पायी चालणाऱ्याला किती मार लागेल, ते या गुणांत मोजलेले नाही. शिवाय बॅटरीमुळे अशी गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड. धडकेत ते वजन आतल्याला राखते आणि समोरच्या स्कूटरवाल्यावर पडते.

संत थॉमस अक्विनास यांच्या मते न्याय हा सद्गुण नेहमी दुसऱ्याच्या संबंधात असतो. मग विवेकाला पाच तारे दिले, तर न्यायाला किती द्यायचे? ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभूने गोष्ट सांगितली ती रस्त्यावरचीच.

सुरक्षित गाडी घेऊ नका, असे मी म्हणत नाही. घरात मुले असतील तर जरूर घ्या. मात्र पहिल्या मिस्साला म्हातारी माणसे पायीच येतात. चर्चच्या वळणावर ताशी वीसच्या वर जाऊ नका.