तुमच्या रंगाला

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या साडीच्या दुकानात गादीवर टेकलं की दुकानदाराची नजर आधी माझ्या हातांवर जाते. मी अबोली मागितली. त्याने डाळिंबी काढली, मग आमसुली, मग वांगी. “अबोली तुमच्यावर उठायची नाही, ताई. ही घ्या, खुलेल.” सोबतच्या नणंदेने मान डोलावली. तिचा रंग माझ्याइतकाच सावळा.

तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारचे धागे त्या काळ्याला मारत होते. यावर त्याने १८३९ साली ग्रंथ लिहिला आणि कोणत्या वर्णाशेजारी कोणतं कापड कसं दिसतं, याचाही त्यात विचार केला. आमच्या विणकरांच्या गावाला हे नवं नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाव होते, हे मागावर बसणाऱ्याला ग्रंथाशिवाय कळतं.

माझी हरकत ‘खुलेल’ या शब्दाला आहे. सावळ्या बाईच्या बाबतीत खुलणं म्हणजे दोन छटा उजळ दिसणं, दुसरं काही नाही. शेजारी काय ठेवलं की काय दिसतं, एवढंच शेव्हरल सांगतो. त्यातून गोरंच दिसायचं, हे आपण घुसडलेलं. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ २०२० साली काढला. दुकानातल्या गादीवर तो अजून ऐसपैस बसलेला आहे.

गंमत म्हणजे याच गावात वर्षातून एकदा सगळे हा हिशेब विसरतात. संक्रांतीला एरवी अशुभ मानलेला काळा रंग बायका हौसेने नेसतात. थंडीत काळं ऊब धरतं, हे त्याचं नेहमीचं समर्थन. सोलापुरात थंडी ती किती! नव्या सुनेला चंद्रकळा घेताना ‘हिच्या रंगाला काळं मारेल’ असं कुणी म्हणत नाही, उलट वर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. त्याच दिवसांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे पुरुष उन्हात रापलेले, अंगात पांढरी बाराबंदी. काळ्यासावळ्या अंगावर एवढं पांढरं! शोभतं का, असं विचारायला कुणाची जीभ उचलत नाही. रीत असली की रंग चालतो, देव असला की चालतो. गणवेश असला तरी चालतो. गणवेश शिवणं हा तर सोलापुरातला मोठा धंदा; वर्गातल्या साठ पोरांचे साठ वर्ण असोत, शर्ट एकच.

म्हणजे न शोभणारा रंग आपण सर्रास घालतो, फक्त तो दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असावा लागतो. बाईने ‘मला आवडतो’ एवढ्याच कारणावर मागितला की तिचा हात उजेडात धरला जातो. आईचं कपाट आठवतं. तपकिरी, आमसुली, चॉकलेटी, सगळे ‘मळखाऊ’. मळ खाणारा रंग घ्यायचा आणि स्वतःचाही झाकायचा, असं दुहेरी गणित. अक्कलकोटच्या बाजारात मात्र पोपटी इरकल आणि लालभडक पदर मिरवत भाजी विकणाऱ्या बायका दिसतात, माझ्याहून काळ्या. त्यांना हे गणित कुणी शिकवलेलं दिसत नाही, किंवा शिकवलं असेल तर त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही.

मी अबोलीच घेतली. रिवाजाप्रमाणे घडी मोडायला नणंदेला दिली. नको नको म्हणत ती एका बारशाला नेसून गेली. त्याला आता तीन आठवडे झाले. साडी अजून तिच्याकडेच आहे; इस्त्रीला टाकलीय म्हणते.